आत्मचरित्राचें दुसरें प्रकरण

पन्नाशी उलटली, कीं सुशिक्षित मनुष्यास दोन व्याधी जडतात. एक गुडघेदुखी आणि दुसरी आत्मचरित्र. पहिलीवर तेल आहे. दुसरीवर रामबाण उपाय आम्हांस अद्याप सांपडलेला नाहीं. गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हींही लेखणी उचलली. बालपण, परीक्षा आणि तीस वर्षांचें इंग्रजीचें अध्यापन हें पहिलें प्रकरण चार दिवसांत हातावेगळें झालें. तें वाचतांना आम्हांलाच जांभई आली, तेव्हां वाचकांची दशा काय होईल हें सांगावयास नको.

खरी मौज दुसऱ्या प्रकरणांत होती. चार वर्षांपूर्वीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, आम्ही आठ बायकांस रोज सायंकाळीं अक्षरओळख करून देऊं लागलों. 'उतारवयांत अंतःकरणांत सेवेची हाक उठली,' असें वाक्य आम्हीं मोठ्या ऐटींत लिहिलें. डोळ्यांपुढें आदर्श होता धोंडो केशव कर्वे यांचा. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवून १९१४ सालीं ते निवृत्त झाले आणि १९१५ सालीं त्यांचें 'आत्मवृत्त' प्रसिद्ध झालें. आपणही प्राध्यापकच, तेव्हां तुलना करण्यास आम्हांस मुळींच संकोच वाटला नाहीं!

वाक्य कोरडें होण्यापूर्वींच मन म्हणूं लागलें, कीं हें खोटें आहे. हाक वगैरे कांहीं उठली नव्हती. त्या वर्षीं प्राचार्याची जागा आम्हांहून लहान सहकाऱ्यास मिळाली, मुलगा परदेशीं गेला, आणि संध्याकाळीं रिकाम्या घरीं परतणें नकोसें झालें. वर्ग काढला तो घरीं जावयाचें टाळण्यासाठीं. आम्हीं तें वाक्य खोडलें. तरीही एक प्रसंग उरला होता. वर्गांतील एका मावशींच्या आयुष्यांतला तो क्षण असा होता, कीं त्यावर आमचें सारें पुस्तक तरून गेलें असतें. दोन पानें लिहून एका सायंकाळीं आम्हीं तीं त्यांना वाचून दाखविलीं.

त्या खालीं मान घालून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सर, छान लिहिलंय तुम्ही. पण हे छापू नका. मला आता वाचता येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आधी येत नव्हतं, हे कुठं सगळ्यांना ठाऊक आहे?"

आम्ही निरुत्तर झालों. जी लाज झांकण्यासाठीं त्या बाईंनीं जन्मभर धडपड केली, तीच आम्ही आमच्या परोपकाराचें प्रशस्तिपत्र म्हणून छापणार होतों. तीं दोन पानें आम्हीं त्यांच्याच हातीं दिलीं. तो प्रसंग कोणता, हें म्हणूनच येथेंही सांगत नाहीं.

पानें गेलीं, तसा दुसऱ्या प्रकरणांतला जीवही गेला. कांहीं दिवस आम्ही खट्टू होतों. मग कर्व्यांच्याच चरित्रानें समजूत घातली. 'आत्मवृत्त' निघालें तेव्हां त्यांच्या आयुष्याचा हिशेब पुरा झाला असें कोणालाही वाटलें असतें. पण पुढच्याच वर्षीं, १९१६ सालीं, अठ्ठावन्नाव्या वर्षीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, इंग्रजींत पुन्हां आत्मकथा लिहिली, आणि १९४४ सालीं समता संघ काढला. कथा लिहून संपली, तरी काम तिच्या पुढें चालतच राहिलें. आमचें उलट झालें होतें. काम नुकतें कोठें अंगवळणी पडूं लागलें होतें, आणि आम्ही उपसंहाराची भाषा जुळवीत बसलों होतों.

वर्गाचा आरंभ स्वार्थांतून झाला, हें आतां कबूल करण्यास लाज वाटत नाहीं. त्या आठजणी वाट पाहतात, म्हणून आम्ही जातों. एवढेंच आजचें सत्य आहे, आणि पुस्तकास तें फारच थोडें आहे. वही कपाटांत ठेविली आहे. सायंकाळीं सहास वर्ग भरतो. सध्यां जोडाक्षरें चालूं आहेत.