पायऱ्यांचा मोर

रंधा मारायला बसलो की खाली जुनी सोलापुरी चादर अंथरतो. भुसा तिच्यावर पडतो, गच्चीवर नेऊन झटकली की झालं. परवा छिलके गोळा करताना चादरीवरच्या मोराकडे नीट पाहिलं. त्याची मान गोल नाहीच, पायऱ्या आहेत! दोन घरं वर, एक बाजूला, पुन्हा दोन वर. चादर उलटली, तर तोच मोर, फक्त रंगांची अदलाबदल. दिवसभर पगारासाठी शून्य-एकाचा खेळ करणाऱ्याला एवढं पुरे होतं. फळी तशीच राहिली.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात ही चादर विणणाऱ्या मागाच्या डोक्यावर जकार्ड असतं आणि त्यातून पुठ्ठ्याच्या पत्त्यांची दोऱ्यात ओवलेली माळ फिरते. पत्त्याला भोक असेल तर सुई आत जाते, तिचा हूक जागेवर राहतो, वरची पट्टी त्याला उचलते आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तर पुठ्ठा सुईला मागे रेटतो, हूक पट्टीतून सुटतो, धागा खालीच. मधून धोटा जातो. आडव्या एका धाग्यामागे एक पत्ता. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ-मारी जाकारने 1804 च्या सुमारास हे जमवलं. या जाकारचंच रेशमात विणलेलं एक चित्र लंडनमध्ये चार्ल्स बॅबेजच्या घरी होतं. ते विणायला सुमारे 24,000 पत्ते लागले होते, आणि बघणाऱ्यांना ते छापील वाटायचं. बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी हेच पत्ते योजले. यंत्र काही पुरं झालं नाही. पुढे हॉलेरिथने 1890 च्या अमेरिकी जनगणनेत माणसं भोकांनी मोजली, आणि 1928 मध्ये आयबीएमने 80 रकान्यांचा पत्ता काढला. कोड लिहिताना 80 अक्षरांवर मी अजून जी उभी रेघ ठेवतो, ती तिथली. नवे सहकारी हसतात. हसोत.

आता काही मागांवर नक्षी पेन ड्राइव्हमधून जाते. मला त्याचं दुःख नाही. पत्त्यांसाठी गळा काढणाऱ्यांनी एकदा ती माळ स्वतः ओवून बघावी.

नव्याचं मला वावडं नाहीच. गॅजेटं घरात बरीच आहेत, पण जीव टाकीच्या झाकणाखालच्या अल्ट्रासॉनिक सेन्सरवर. गावात पाणी काही दिवसांआड, तेही अवेळी. टाकीत पाणी चढू लागलं की फोन वाजतो. (शेजारच्या काकू त्याआधीच हाक मारतात, असं बायकोचं म्हणणं.) सर्किटला पेटी मात्र सागाची, कोपऱ्यांना कुसू घालून, एकही खिळा नाही. प्लास्टिकची डबी स्वस्तात मिळते, हे मला कुणी सांगू नये.

पेटी करणार असाल तर एकच सांगतो. मे महिन्यात पारा त्रेचाळिशीला टेकला की फेव्हिकॉल जोड बसायच्या आत वाळतो. सोलापुरात उन्हाळ्यातली जोडणी पहाटेच उरकावी.