ढोकीचें बाक

तेरला जावयाचें म्हणून आम्ही नातवासह ढोकीस उतरलों. प्राचीन तगर नगर तें हेंच तेर; 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनांत त्याच्या व्यापाराचा उल्लेख आहे. परंतु वाचकांस सांगावयाचें आहे तें वाटेंतील एका बाकाचें.

वाहनाची वाट पाहत आम्ही लिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर बसलों. कोणा मुलानें आईच्या स्मरणार्थ तें बसविलेलें. पाठीवर मातेचें नांव कोरलेलें होतें, पण वाचतां येईना. त्यावर निळ्या रंगांत बाणविद्ध हृदय, खालीं दोन आद्याक्षरें. शाळेंतील बाकें तपासण्यांत जन्म गेलेल्या आम्हांस त्याचें नवल नव्हतें. नवल वाटलें तें शेजारीं पाहून: नातवाच्या हातीं कंपासपेटींतील कर्कटक, आणि त्याचें अर्धें नांव बाकावर!

आम्ही रागावण्यापूर्वींच तो म्हणाला, "आजोबा, त्यांनीं आईचें नांव लिहिलेलें चालतें, मग माझें कां नाहीं?"

प्रश्न रास्त होता. कार्ल्याच्या चैत्यगृहांत खांबांवर धेनुकाकटच्या यवनांचीं नांवें आहेत. पण आधीं त्यांनीं खांब दिला, मग नांव घातलें. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यांत जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानें २८ एप्रिल १८१९ ही तारीख घालून चित्रित खांबावर नांव खरडलें; त्यानें कांहींच दिलें नव्हतें. असें आम्हीं समजावलें.

"पण त्यामुळेंच तर ती तारीख आपल्याला कळते ना?"

यावर आम्हांस धड उत्तर सुचलें नाहीं. "खालचें चित्र गेलें, बाळ," एवढेंच म्हटलें.

तेर दुपारवर टाकलें. दुकानांतून टर्पेंटाइन आणून आम्हीं रंग चोळला. तो पातळ होऊन सिमेंटच्या छिद्रांत अधिकच उतरला. जवळच कामावर असलेला एक गवंडी हंसला व म्हणाला, "मास्तर, चोळायचं नाही, बोळ्यानं टिपायचं." तारेचा ब्रशहि नको, पृष्ठ खरखरीत झालें कीं पुढचा रंग घट्ट धरतो. ओरखडे सिमेंटनें भरून घोटावे, वाळल्यावर मेणाचा हात द्यावा. मग कोणीं रंग फांसला तरी गरम पाण्यानें मेणासकट सुटतो. मेण मात्र पुन्हा द्यावें लागतें. महाराष्ट्रांत १९९५ पासून विद्रूपीकरणाविरुद्ध कायदा आहे, पण कायद्यास लिंबाखालीं बसावयास सवड कोठून?

नातवानें आपलें अर्धें नांव स्वतः बुजविलें आणि त्याच कर्कटकानें मातेच्या नांवांत साचलेला रंग उकरून काढला. मेणाचें गवंड्यानें पत्करलें. संध्याकाळीं परततांना मुद्दाम बाकाशीं थांबलों. मातेचें नांव स्वच्छ वाचतां येत होतें; आणि खालीं ओलसर सिमेंटवर एका कुत्र्याचीं चार पावलें उमटलीं होतीं.