यमदूतांची चूक

गोराई, बोरिवली (प.)

ती. अक्कास,


तुझं पत्र आणि सोबतची झेरॉक्सची चळत, दोन्ही वाचलं. मरणाच्या दारातून परतलेल्यांचे अनुभव वाचून ‘पलीकडे काहीतरी आहे, आता पुरावाच मिळाला’ असं लिहितेस आणि वर लाल शाईनं अधोरेखित करतेस, म्हणून हे लांबलचक उत्तर. ही माणसं खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. पिम व्हान लोमेल या डच हृदयरोगतज्ज्ञानं २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये ३४४ रुग्णांचा अभ्यास छापला. हृदय थांबून पुन्हा सुरू झालेल्या या रुग्णांपैकी ६२ जणांना असं काही आठवत होतं. पण ही साक्ष मरताना काय होतं याची झाली; मेल्यावर काय होतं याची नव्हे. परत आलेला माणूस मेलेलाच नसतो गं!

आपल्याकडचेच दाखले बघ. सतवंत पसरीचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली भारतातल्या १६ जणांचे अनुभव प्रसिद्ध केले. पुनर्जन्माच्या प्रकरणांचा पाठपुरावा करण्यात स्टीव्हन्सननं हयात घालवली, तेव्हा तो तुझ्या विरुद्ध पक्षाचा नव्हे. या अनुभवांत यमदूत येतात, धरून नेतात, तिथं वही उघडली जाते आणि कळतं की भलत्यालाच आणलं. मग परत पाठवणी! रेमंड मूडीच्या १९७५च्या पुस्तकातले अमेरिकन परततात ते लेकरांसाठी, राहिलेल्या कामासाठी. आपले परततात ते तलाठी कचेरीत व्हावा तसा नावाचा घोळ झाला म्हणून. तू म्हणशील, अनुभव एकच, जो तो आपापल्या संस्कारांप्रमाणे सांगतो. मान्य. पण मग यमदूत, वही, प्रकाश हे सगळं इथूनच नेलेलं ठरलं. तिथलं म्हणून काय उरलं? ती गाढ शांतता? ती मेंदूही देऊ शकेल. ‘मेंदू तर तेव्हा बंदच होता’ हेही आता ठामपणे म्हणता येत नाही. मिशिगनमध्ये जिमो बोर्जिगिन यांच्या गटानं २०२३ साली मरणासन्न चौघांच्या मेंदूच्या नोंदी छापल्या. व्हेंटिलेटर काढल्यावर दोघांच्या मेंदूत गॅमा लहरी एकदम उसळल्या होत्या. त्यांना काय दिसलं हे सांगायला मात्र दोघंही उरले नाहीत.

राहिला छतावरून स्वतःचं शरीर पाहिल्याचा मुद्दा. सॅम पार्निया यांनी त्यासाठीच रुग्णालयांत उंच फळ्यांवर चित्रं ठेवली होती, फक्त वरूनच दिसतील अशी. २०१४ साली निष्कर्ष आले. ते चित्र पाहिल्याचं एकालाही सांगता आलं नाही. एका रुग्णानं भोवतालची धावपळ बरीच अचूक सांगितली, हे मी लपवत नाही. पण तो होता तिथं फळीच नव्हती! म्हणजे प्रश्न उघडाच आहे. तो उघडा राहायला माझी हरकत नाही. खाडीपलीकडे आमचा पॅगोडा आहे ना, तो ज्याच्या नावानं उभा आहे त्या बुद्धानंही मेल्यानंतरच्या प्रश्नावर उत्तर द्यायचं टाळलं होतं. बाण लागलेला माणूस तो कोणी मारला, कुठल्या धनुष्यातून सुटला हे विचारत बसला तर उत्तराआधीच मरेल, असं त्यानं मालुंक्यपुत्ताला समजावलं.

आणि तू? पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून, अँजिओग्राफी दिवाळीनंतर बघू म्हणतेस! भीती गेली याचा आनंद आहे, पण छातीतलं दुखणं गेलं नाही ना? अगं, छाती दाबून हृदय सुरू ठेवायची पद्धत १९६०च्या सुमारास रूढ होऊ लागली, आणि मूडीचं पुस्तक आलं त्यानंतर पंधरा वर्षांनी. डॉक्टरांनी ओढून आणले म्हणून हे साक्षीदार मिळाले. तुझी सगळी चळत दवाखान्यांतूनच निघाली आहे, आणि ती वाचून तू दवाखाना टाळतेस? ज्यांच्याजवळ वेळेवर कोणी पोचलं नाही, त्यांचं एकही पान त्यात नाही.

ईसीजीचा फोटो आजच पाठव. जिना चढताना दाटून येतं ते अजून येतं का, खरं सांग. पुन्हा आलं तर गॅस म्हणून ओवा चावत बसू नकोस, सरळ १०८ फिरव. भाऊजींना रजा मिळत नसेल तर मी येते. तारीख तेवढी या आठवड्यातली घे.

तुझी,
शकू