अजून 'सा' यायचाय

आष्टीच्या माणसाला धीर शिकवावा लागत नाही. तो त्याला एस.टी. स्टँडवरच्या बाकड्यावर आपोआप मिळतो. पाऊस म्हणाल, तर चार दिवस नुसता आभाळ धरून बसतो आणि पाचव्या दिवशी दुसऱ्याच तालुक्यात जाऊन पडतो. रेल्वेचं तर विचारूच नका. नगर-बीड-परळी ही २६१ किलोमीटरची लाइन १९९५ साली मंजूर झाली आणि गाडी नगरहून आमच्या आष्टीला आली ती २०२२ च्या सप्टेंबरात. सत्तावीस वर्षांत ६६ किलोमीटर! म्हणजे वर्षाला जेमतेम अडीच. पुढे बीड गाठायला तिला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. इतक्या विलंबित लयीत खुद्द उस्ताद अमीर खाँसाहेबसुद्धा कधी गायले नसतील.

खाँसाहेबांचं नाव उगाच घेतलं नाही. गाव सोडून जाताना एका डॉक्टर मित्राने रेकॉर्डींचं एक खोकं माझ्या गळ्यात मारलं, वर ती वाजवायचं यंत्रही दिलं. त्या खोक्यात खाँसाहेबांची ती मशहूर तबकडी निघाली. १९६० च्या सुमाराची. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. बस्स. आमचे शेजारी, गुरुजी, दोन्ही बाजू उलटसुलट करून बघत म्हणाले, "एवढ्या मोठ्या ताटात दोनच पदार्थ? सिनेमाच्या रेकॉर्डवर एका अंगाला सहा-सहा गाणी असतात हो!"

गुरुजींचा हिशेब बाजारभावाने बरोबर होता. आपल्याकडे रेकॉर्डी आल्या तेव्हा गवयांना मिळत होती तीन-साडेतीन मिनिटं. १९०२ साली कलकत्त्याच्या गौहरजानने तेवढ्यात गाणं उरकून शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगण्याइतका वेळ वाचवला होता! पुढे १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले निघाली. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे. एका बाजूवर वीसेक मिनिटं. गवयांना एकदम ऐसपैस वाडाच मिळाला. कुणी त्यात बिऱ्हाडं भरली. खाँसाहेबांनी मात्र एका खोलीत एकच सतरंजी टाकली आणि म्हणाले, बसा.

त्यांचा ताल झूमरा. चौदा मात्रांचा. ही अतिविलंबित चाल त्यांनी किराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांची ऐकून उचलली असं सांगतात. आणि या वहीद खाँसाहेबांना कमी ऐकू यायचं म्हणून लोक त्यांना 'बहिरे' म्हणत. ऐकण्याचा धीर आपल्याला एका बहिऱ्याकडून मिळाला, हे मला फार आवडतं. एक आवर्तन पुरं व्हायला पाऊण-एक मिनिट सहज लागतं. तेवढ्यात आमच्याकडे नळाला पाणी येऊन जातं.

आमच्या विजेनेही या गाण्याला हातभार लावला. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं, की तबकडी दमायची आणि आधीच सावकाश असलेले खाँसाहेब आणखी सावकाश होत खाली खाली जायचे. एकदा असंच झालं. मी स्टॅबिलायझरकडे धावलो, तर इकडे गुरुजी डोळे मिटून म्हणतात, "वाहवा! काय खर्ज लावलाय!"

लांबलचक गाण्याला आपली माणसं कंटाळतात, हे मात्र मला पटत नाही. तिकडे युरोपात वाग्नरचं 'रिंग' म्हणजे चार ऑपेरा, पंधराएक तास. १९५८ ते १९६५ अशी सात वर्षं खपून एका कंपनीने ते अख्खं रेकॉर्ड केलं. आपल्याकडे गीतरामायण घ्या. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गाणं. बावन्न व्हायची, तर अधिक महिना आला आणि छप्पन्न झाली. राम वनवासात गेला, की लोक पुढच्या आठवड्यापर्यंत वाट बघत. आणि आमच्या तालुक्यातला सप्ताह? सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्री कीर्तन दोन तास. तिथे कुणी घड्याळ बघितलेलं मी पाहिलं नाही. सप्ताहाचं गणित साधं आहे: तिथे काही घडायची वाट बघायची नसते, नुसतं असायचं असतं.

म्हणून या तबकड्यांसाठी माझी युक्ती ऐका. पहिली पाच मिनिटं काहीच होणार नाही असं धरून चाला. हात मोकळे ठेवू नका. शेंगा फोडा, लसूण सोला, ज्वारी निवडा. मान डोलवायची सक्ती नाही. आणि मधेच सुई उचलून पुढे टाकायची नाही. ते कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचण्यासारखं आहे. खुनी सापडतो, पण खून कुणाचा ते कळत नाही.

आमच्या हिने हे कुणी न शिकवता केलं. मारवा संध्याकाळचा, म्हणून मी तो दिवेलागणीला लावायचा आणि ती समोर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. दहा-बारा दिवस गेले. एक दिवस खडा बाजूला टाकत ती म्हणाली, "अहो, हा माणूस उंबऱ्यापर्यंत येतो आणि परत फिरतो. घरात का येत नाही?"

मी थक्क झालो. मारव्याचं सगळं शास्त्र एवढंच तर आहे! पंचम मुळातच नाही. षड्ज आहे, मागे तंबोऱ्यात वाजतोही आहे. पण गवई कोमल रिषभावर घुटमळतो, खाली धैवताकडे उतरतो, पुन्हा वर येतो, 'सा'ला शिवल्यासारखं करतो आणि तिथे टेकत नाही. घर समोर दिसतंय, दिवा लागलाय, आणि आत पाऊल पडत नाही. ग्रंथात हे पानभर लिहिलेलं असतं. हिने सुपात मावेल एवढं सांगितलं.

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचं," ती म्हणाली. "आपला धाकटा नाही का?"

धाकटा पुण्यात असतो. दिवाळीला येणार होता, मग संक्रांतीला, मग 'आता गाडी सुरू झालीय ना आई, कधीही येईन.' वाईट मुलगा नाही तो. दर रविवारी फोन करतो, गोड बोलतो आणि उंबऱ्यापर्यंत येऊन परत जातो. त्या दिवसापासून मी मारवा लावायचा बंद करणार होतो, तर हीच म्हणाली, "असू द्या. वाट बघायचीच आहे, तर सुरात तरी बघू."

हल्ली तिला ती बाजू पाठ झालीय. कुठे आवाज कचकन उडी मारतो ते ठाऊक आहे. तो चरा आहे, खाँसाहेबांचा दोष नाही. परवा असेच बसलो होतो. बाहेर अंधारून आलं होतं, स्टँडकडून गाडीचा हॉर्न ऐकू येत होता. ती एकदम हात थांबवून म्हणाली,

"आला बाई एकदाचा!"

मी सवयीने दाराकडे पाहिलं. ती 'सा'बद्दल बोलत होती.