खाण्याची सहल

आमचं घर बेगडेवाडी स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे. पुणे-लोणावळा लोकल येते, चार माणसं उतरतात, चार चढतात नि गाडी घोरावाडीकडे निघून जाते. पावसाळ्यात मात्र शनिवार-रविवारी ह्याच गाड्या लोणावळ्याला भजी नि कणसं खायला निघालेल्या मंडळींनी गच्च भरलेल्या असतात. त्यातले निम्मे आमचेच नातेवाईक असावेत, असा मला दाट संशय आहे. कारण परतताना "घर वाटेवरच तर आहे" असं म्हणत ते आमच्याकडे उतरतात. मग पिठलं-भात टाका, पापड तळा, ओले टॉवेल वाळत घाला! लग्नाला पंचवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत लोकांच्या लोणावळ्याच्या सहली मी आमच्या स्वयंपाकघरातूनच केल्या.

आमच्या स्वतःच्या सहलींची तऱ्हाही काही वेगळी नव्हती. आदल्या रात्री बारापर्यंत तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, बटाट्याची सुकी भाजी. गाडीत बसलं की डबे उघडायचे, सगळ्यांना वाढायचं नि तळाशी उरलेलं आपण खायचं. तेव्हा गेल्या दिवाळीनंतर मी घरात जाहीर करून टाकलं, "यंदाची सहल फक्त खाण्यासाठी. आणि बरोबर डबा नाही. पाण्याच्या बाटल्या तेवढ्या घेईन."

हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "मग कोल्हापूरला जाऊ या. तांबडा-पांढरा रस्सा!" मुलगा म्हणाला, नागपूरचं सावजी. मुलीला मालवणची सोलकढी नि घावणे हवे होते. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून हिशोबाला बसले. ह्यांची रजा दोनच दिवसांची. नागपूरला जाण्या-येण्यातच ते दोन दिवस संपणार. सासूबाईंचे गुडघे नि सावजीचं तिखट, दोघांचंही जमणं कठीण. शिवाय त्या शाकाहारी. कोल्हापूरला जाऊन त्यांनी काय रश्शाकडे नुसतं बघत बसायचं?

शेवटी मी प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिली नि म्हटलं, "जे कधीपासून खायचं मनात आहे, असं एकच लिहा." सगळ्यांनी लिहिलं. सासूबाईंची चिठ्ठी मात्र कोरी. "मला काय गं, तुम्ही ठरवाल ते," असं म्हणून त्या वाती वळत बसल्या.

रात्री त्यांचे पाय चेपताना मी पुन्हा विचारलं. बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "कर्जतच्या स्टेशनवरचा वडा."

सासूबाईंचं माहेर दादरचं. माहेरहून परत येताना कर्जतला गाडी हमखास थांबायची, कारण पुढचा घाट चढायला तिथे मागून जादा इंजिनं जोडतात. तेवढ्या वेळात मामंजी खाली उतरून वडे घेऊन यायचे. ते पुरुषांना नि मुलांना पुरतील एवढेच असायचे. मुलांनी टाकलेला तुकडा सासूबाईंच्या वाट्याला यायचा. "मागितला असता तर त्यांनी आणला असता," त्या म्हणाल्या, "पण मागायचं कसं, ते कधी सुचलंच नाही."

झालं! आमची सहल तिथेच ठरली. लांब कुठे जायचं नाही. आपल्याच दारातल्या रुळांवरून, खात-खात कर्जतपर्यंत.

एकादशी नि सोमवार टाळून शनिवार-रविवार पकडला. मैत्रिणींनो, खाण्याची सहल आखताना मी शिकलेली पहिली गोष्ट सांगते. अर्ध्या दिवसात एकच ठिकाण ठेवावं. चार ठिकाणं ठेवली की चौथ्या ठिकाणी नुसतं बिल दिलं जातं. दुसरी गोष्ट म्हणजे गाड्यांच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात. दुपारच्या लोकली विरळ असतात. ओवा, मीठ नि रुमालात बांधलेलं आलं एवढं मात्र जवळ असू द्यावं.

शनिवारी सकाळी तळेगाव, वडगाव, कान्हे मागे टाकून आम्ही कामशेतला उतरलो. दोन्ही बाजूंना भाताची कापणी झालेली शेतं. इंद्रायणी भात आपण सगळ्याच जणी रांधतो, पण हे वाण इथल्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचं, हे मलाही फार उशिरा कळलं. आंबेमोहोर नि आय. आर. ८ ह्यांच्या संकरातून ते तयार झालं नि १९८७ साली शेतकऱ्यांपर्यंत आलं. वास आंबेमोहोराकडून, उतारा दुसऱ्याकडून.

एका साध्या खानावळीत बसलो. पिठलं, तांदळाची भाकरी, मिरचीचा ठेचा नि नव्या इंद्रायणीचा मऊ, वाफाळता भात. वर तुपाची धार. वाढणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. भात इतका मऊ तरी गिजगा कसा होत नाही, असं मी विचारलं. "नवा तांदूळ आहे ताई, त्याला पाणी बेतानंच घालायचं. आणि उतरवल्यावर झाकण ठेवून जरा मुरू द्यायचा," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्या ताटात मी न वाढलेला गरम भात होता. मी अगदी सावकाश जेवले.

तेवढ्यात सासूबाईंनी त्या बाईंना विचारलं, "तू जेवलीस का गं?"

"आमचं काय आजी, गिऱ्हाईक संपलं की."

तीन वाजायला आले होते. माझा घास हातातच राहिला. मी ज्यातून दोन दिवस सुटले होते, ते ही बाई माझ्यासाठी करत होती. हे म्हणाले, "गाडीची वेळ झाली." सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "पुढच्या गाडीनं जाऊ," म्हणाल्या. शेवटचं टेबल उठलं, तशी त्यांनी स्वतः एक ताट घेतलं, त्यावर भात-पिठलं वाढलं नि त्या बाईंना समोर बसवलं. बाई आधी लाजल्या, मग जेवल्या. आमची गाडी चुकली खरी, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मुक्काम लोणावळ्याला. तिथे मुलांच्या चिठ्ठीतली चिक्की. घाटातल्या रेल्वेच्या कामावरचे मजूर गुडदाणी खात, तीच पुढे चिक्की झाली, असं सांगतात. तो रेल्वेचा घाट सुरू झाला १८६३ साली. घरी करणाऱ्यांसाठी एक खूण सांगते. गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकावा. कडक होऊन कट्‌कन मोडला, की पाक झाला. नाहीतर चिक्की दाताला चिकटते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, नाहीतर दमट हवेत सादळते.

रविवारी मुंबईकडची गाडी धरून घाट उतरलो. कर्जतला सासूबाईंना बाकावर बसवलं नि हे वडे आणायला गेले. दिवाडकरांचा वडा, गरम, कागदात गुंडाळलेला. ह्यांनी पहिला पुडा आईच्या हातात दिला. त्यांनी सवयीनं अर्धा मोडून नातवापुढे धरला. तो म्हणाला, "आजी, हा पूर्ण तुझा. आमचे वेगळे आहेत."

त्यांनी तो संपूर्ण खाल्ला. बोटं पदराला पुसली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"बरा आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, त्याहून तिखट असेल." नि थोडं थांबून म्हणाल्या, "आणखी एक आण. आणि ह्या खेपेला मिरची दोन सांग."

ह्यांनी आईला असं काही मागताना आयुष्यात प्रथमच ऐकलं असावं. ते जवळजवळ धावतच गेले.

येताना घाटात गाडी हळू चढत होती. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ. मुलं झोपली होती. सासूबाई खिडकीतून बघत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मालवणला जाऊ या का गं? सोलकढी कशी लागते, ते बघायचंय."

तेव्हा मैत्रिणींनो, सहल आखायला बसाल तेव्हा नकाशा नि खर्चाची वही नंतर उघडा. आधी घरातल्या सगळ्यांत गप्प बसणाऱ्या बाईला विचारा, तिचं काय खायचं राहिलंय. आणि ती "मला काय" म्हणाली, तर रात्री पुन्हा एकदा विचारा.