अक्षता कुठाय?

11 डिसेंबर 2017 ला विराट कोहली आणि अनुष्का शर्माचं लग्न इटलीत, टस्कनी भागात झालं. त्याची किंमत पुढच्या मोसमापासून निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या आम्हा शूटिंगवाल्यांना मोजावी लागली. त्या लग्नाच्या व्हिडिओचे तुकडे ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर होते. नवरी मोबाइल पुढे धरून म्हणायची, "दादा, असं पाहिजे." मी म्हणायचो, "होय की, त्यात काय!"

इटलीतला डिसेंबरचा कलता उजेड कुठे आणि मे महिन्यात साडेबाराच्या मुहूर्ताला गुलाबी कापडाच्या मांडवातून अंगावर येणारा उजेड कुठे. आमच्याकडे नवरा-नवरी दोघंही त्या वेळी गुलाबीच दिसतात, आणि भटजीही. पण मी नवा कॅमेरा घेतला होता, हप्ते सुरू झाले होते आणि व्हिजिटिंग कार्डावर 'सिनेमॅटिक वेडिंग फिल्म्स' छापून झालं होतं. कार्ड फुकट जाऊ नये म्हणून माणूस काय काय करतो.

त्याआधी मी एका जुन्या शूटिंगवाल्याच्या हाताखाली होतो. मिनी डीव्ही टेप, एका माणसाच्या हातात सनगन, दुसरा मागून वायर सांभाळत चाललेला. त्यांचा एकच नियम होता. पंगत सोडायची नाही. ज्याने पैसे दिलेत त्याच्या सगळ्या पावण्यांची तोंडं कॅसेटमध्ये आली पाहिजेत, मग कुणाच्या तोंडात जिलेबी असली तरी चालेल. मिक्सिंगमध्ये ते बदामाच्या आकारात नवरा-नवरी फिरवायचे, वरून गुलाबाच्या पाकळ्या. मी वेगळा झालो तेव्हा चारचौघांत या सगळ्याची टिंगल केली. त्यांच्या कानावर गेली असणार. ते काही बोलले नाहीत.

शिकलो यूट्यूबवर, तेही अमेरिकन लोकांकडून. ते सांगायचे, स्लो मोशनसाठी सेकंदाला 60 फ्रेम आणि शटर 1/120. मी तसंच केलं आणि एका रिसेप्शनचं सगळं शूटिंग पट्ट्यापट्ट्यांचं आलं. स्टेजवरच्या लाइटचं फडफडणं चित्रात उतरलं होतं. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50 ची. आपल्या दिव्यांखाली शटर 1/50 किंवा 1/100 ठेवावं लागतं, हे आमच्या वस्तादांना कुठलाही व्हिडिओ न बघता माहीत होतं. लग्नघरच्यांना मी सांगितलं, की हा इफेक्ट आहे. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या चांगुलपणाचा मी पुढेही बराच फायदा घेतला.

पण ज्या लग्नावरून आजही माझी झोप उडते, ते बेळगावातलं. वडगाव भागात कार्यालय, मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा. माझ्याकडे दोन कॅमेरे होते. एक स्टेजसमोर स्टँडवर, सगळं एकसलग घेण्यासाठी. दुसरा गिंबलवर, माझ्या हातात, सिनेमासाठी. पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले तसा बाराच्या सुमाराला मी स्टँडवरचा कॅमेरा चालू केला आणि मदतीला आणलेल्या पोराला सांगितलं, आता याला हात लावायचा नाही. पोरगं आज्ञाधारक. त्याने खरोखरच हात लावला नाही.

सत्कार म्हणजे आमच्या भागातल्या लग्नातला खरा विधी. शाल, नारळ, फेटा, मग दोन शब्द. एक पुढारी मराठीत बोलले, एक कन्नडमध्ये, तिसरे दोन्हीत. मुहूर्त टळायला आला तेव्हा भटजींनी माइक जवळजवळ हिसकावून घेतला. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या. मी गिंबल घेऊन नवऱ्याच्या मागे खाली बसलो. मला एकच शॉट हवा होता. समोरून लाइट, मध्ये अंतरपाट सुटतोय, त्यातून नवरीचा चेहरा, आणि वरून अक्षता संथ बरसताहेत. लेन्स पूर्ण उघडी ठेवली होती, मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं दिसावं म्हणून.

शॉट मिळाला. फोकस अक्षतांवर होता. तांदळाचा एकेक दाणा मोजून घ्यावा इतका स्पष्ट, कुंकवाचा रंगसुद्धा दिसतो. मागे दोन वितळलेली माणसं एकमेकांना हार घालताहेत. ती कोण, हे पत्रिका वाचल्याशिवाय कळणार नाही.

हरकत नाही म्हटलं, स्टँडवरचा कॅमेरा आहे. रात्री निपाणीला येऊन कार्ड लावलं. पहिला सत्कार, दुसरा, तिसरा, दोन्ही भाषांतलं भाषण, भटजी उठतात, आणि काळा पडदा. कॅमेरा एकोणतीस मिनिटं चालून आपला आपण बंद झाला होता. त्या काळातल्या फोटोच्या बहुतेक कॅमेऱ्यांना ही मर्यादा असायची. सलग तीस मिनिटं किंवा जास्त शूटिंग करणारा कॅमेरा युरोपात 'व्हिडिओ कॅमेरा' धरला जायचा आणि त्यावर आयात कर जास्त पडायचा, म्हणून कंपन्यांनी अर्धा तास होण्याआधीच बंद पडायची सोय करून ठेवली होती. मॅन्युअलमध्ये मर्यादा छापलेली होती. मी मॅन्युअल डब्यातून काढलं नव्हतं. युरोपातल्या जकातीने वडगावातल्या लग्नाची अक्षता खाल्ली.

मी काय केलं? आधी लपवलं. टीझर दिला, तांदळाचे दाणे आणि वर गाणं. टीझर सगळ्यांना आवडला. मग हायलाइट दिली. मग नवरीच्या वडिलांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "ते सगळं बरं झालंय की. पण आमची अक्षता कुठाय?" मी म्हणालो, लाँग व्हिडिओत येणार. ते म्हणाले, बरं. मग मी पंधरा दिवस पाहुण्यांचे मोबाइल गोळा करत फिरलो. मुलाच्या मावशीकडे उभं धरलेलं शूटिंग सापडलं, अर्ध्यात समोरच्या माणसाचा फेटा. तेच लावलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या टाकून.

त्यांनी पैसे पूर्ण दिले. कापले असते तर मला बरं वाटलं असतं. पुढे त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, शूटिंगचा फोन आला नाही. पत्रिकेवर 'सहकुटुंब' लिहिलेलं होतं, म्हणून सहकुटुंब गेलो. खांद्यावर घ्यायचा जुना व्हिडिओ कॅमेरा स्टँडवर लावून एक जाडसर गृहस्थ पानाचा तोबरा भरून उभे होते. सत्कार सुरू झाला की ते कॅमेरा बंद करायचे.

दुसरी गोष्ट निपाणीजवळच्या एका गावातली, तवंदी घाटाच्या अलीकडची. हळदीच्या आदल्या दिवशी घाणा भरायचा होता. जात्याला हळकुंडं बांधलेली, सुवासिनी हळद दळायला बसलेल्या. नवरीची आजी विड्या वळून घर चालवलेली बाई. ती विधवा, म्हणून जात्याला हात लावायला बसली नव्हती. भिंतीला टेकून होती, आणि गाणं मात्र सगळं तिच्याच तोंडून चाललं होतं. माहेरची, सासरची, मेलेली-जिवंत सगळी माणसं ती नावानिशी त्या गाण्यात आणून मांडवात बसवत होती. एखादं नाव आलं की जात्याभोवतीची कुणी बाई पदर डोळ्याला लावायची.

मी काय बघत होतो? खिडकीतून तिरीप आली होती आणि त्यात हळदीची धूळ तरंगत होती. हिरव्या चुड्याचे हात, जात्याचा खुंटा. मी स्लो मोशनला कॅमेरा टाकला आणि पाऊण तास तेवढंच घेत राहिलो. आजी चौकटीत नव्हती. भिंतीचा रंग मला खटकत होता.

माझ्या कॅमेऱ्यात त्या मोडला आवाज नोंदलाच जात नाही. मला ते माहीत होतं. आवाज हवा कुणाला, वर तर गाणं चढणार. नवरीच्या आईने व्हिडिओ बघितल्यावर पहिला प्रश्न तोच केला. "बाळ, आमच्या आत्तींचा आवाज कुठं हाय?" त्यांच्या सासऱ्यांचं नाव त्या गाण्यात होतं, म्हणे.

चांगला साउंड रेकॉर्डर विकत घेऊन मी त्या घरी परत गेलो. आजीला म्हटलं, फक्त ते गाणं म्हणा, मी व्हिडिओत बसवून देतो. आजी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लगीन नसताना हळदीचं म्हणत न्हाईत, लेकरा. पुढच्या लग्नाला ये." दोन वर्षांनी नातवाचं लग्न निघालं, तेव्हा मी पैसे न ठरवता गेलो. हळदीला डीजे लावला होता. आजी पुढच्याच खुर्चीत, दोन्ही कानांत कापूस घालून, हसत बसली होती.

बाकीच्या चुका यांच्यापुढे किरकोळ. एक व्हिडिओ द्यायला इतका उशीर केला, की गेलो त्या दिवशी बारसं होतं. तेही शूट करून दिलं, फुकट. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला विमानतळ आहे, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. मी तिथे नकाशा न बघता ड्रोन उडवला आणि नवऱ्याची वरात निघायच्या वेळी लेखी खुलासा देत बसलो. लग्नात गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमात सवलत आहे, तेवढ्यावरून मी तीच गाणी व्हिडिओवर चढवून यूट्यूबवर टाकली. वाजवणं वेगळं आणि चढवणं वेगळं, हे बऱ्याच व्हिडिओंचा आवाज बंद झाल्यावर समजलं.

आणि डिसेंबर 2022. गिंबल आणि ड्रोनवर पैसे घालवल्यामुळे दुसरा कॅमेरा मी कोल्हापूरहून भाड्याने आणायचो, तोही लग्नाच्या आदल्या दिवशी. 6 तारखेला सीमावादावरून हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या ट्रकांवर दगड पडले आणि दोन्हीकडच्या एसट्या थांबल्या. कोल्हापूरच्या माणसाने फोनवर सांगितलं, माझी गाडी एमएच-09 आहे, मी येत नाही. सीमाभागात जन्मलेल्या माणसाने आपलं निम्मं सामान सीमेपलीकडे ठेवायचं, यापेक्षा मोठा गाढवपणा मला सुचत नाही. ते लग्न एका कॅमेऱ्यावर केलं. एकच होता, म्हणून स्टँडवर लावला, आवाज चालू ठेवला आणि पंगतीतही फिरलो. त्या घरच्यांनी नंतर माझ्याकडे तीन लग्नं पाठवली.

व्हिजिटिंग कार्डं अजून उरली आहेत. 'सिनेमॅटिक'ची मागणीही आहे आणि मी ती पुरवतो, धूळ आणि तिरीप मला अजून आवडते. फक्त स्टँडवरचा कॅमेरा आता भटजी उठले की बंद करून पुन्हा चालू करतो, आणि भिंतीला टेकलेल्या बाईजवळ माइक ठेवतो.

एक काम मात्र राहून गेलं आहे. माझ्या कपाटात त्या वर्षांच्या लग्नांचं पुसायचं राहिलेलं मूळ शूटिंग पडून आहे. गाणं न चढवलेलं, न कापलेलं, ज्यात कुणाच्या तरी काकांचं बोलणं, कुणाच्या आईचं हाक मारणं अजून जागेवर असेल. फोर-केचं शूटिंग माझ्या सेटिंगला तासाला 45 जीबी खातं, म्हणून मी पूर्वी ते सहा महिन्यांनी पुसायचो. आता पुसत नाही, पण डिस्का जुन्या झाल्या आहेत आणि त्यातल्या दोन आत्ताच सुरू होत नाहीत. ज्यांच्या लग्नात मी कॅमेरा घेऊन वाकलेला दिसलो असेन, त्यांनी एक रिकामी हार्ड डिस्क घेऊन निपाणीला यावं. पैसे नकोत. कॉपी व्हायला दीड-दोन तास लागतात, म्हणून जेवायच्या वेळेला या.