गाडीची जमीन

नागपूर

चि. ऋचा हिस,


तुझं पत्र आणि फोटो मिळाले. डंडीत तुम्ही दोघांनी जुनी का होईना, मोटारहोम घेतलीत याचा फार आनंद झाला. आतलं तपकिरी कार्पेट ठेवावं की काढून टाकावं, असं तू विचारलंस. माझं मत आधीच सांगतो. कार्पेट काढ, विनाइलची सलग शीट टाक आणि थंडीसाठी वर सुटे गालिचे ठेव. असं का म्हणतो ते जरा सविस्तर लिहितो, कारण या गोष्टीत तुझं गावही आहे आणि आपला विदर्भही.

मी नोकरीभर एसटीच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत गाड्यांच्या बॉड्या बांधल्या. गाडीची जमीन धुता आली पाहिजे आणि डोळ्यांना दिसलीही पाहिजे, हे तिथे अंगात भिनलं. छत गळलं तर प्रवासी लगेच ओरडतो. जमीन कुजली तर कोणालाच कळत नाही, आणि कळतं तेव्हा पाय खाली गेलेला असतो.

तुझ्या गाडीच्या वयाच्या मोटारहोमची जमीन बहुधा तीन थरांची असते. वर प्लाय, खाली प्लाय आणि मधे थर्मोकोलसारखा फोम, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. त्यात कुठून ओल शिरली की चिकटा सुटतो आणि प्लाय पायाखाली दबायला लागतो. दारापाशी आणि न्हाणीच्या कडेला हे आधी होतं. कार्पेट असलं की दबलेलं जाणवत नाही, डागही दिसत नाही. आणि ओल काही बाहेरूनच येते असं नाही. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. शेगडीवर चहा-पोळी करा, दोघं रात्रभर श्वास घ्या, बाहेर स्कॉटलंडचा जानेवारी. ती वाफ गार जागा शोधून बसणारच. कार्पेटचे धागे ती पिऊन घेतात आणि खालच्या प्लायला धरून ठेवतात.

याहून मोठी काळजी गॅसची. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. गळती झाली तर गॅस वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर साचतो. म्हणून गॅसची उपकरणं असतात तिथे जमिनीत मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, त्यांवर जाळी असते. गार वारा येतो म्हणून आधीच्या मालकाने त्यावर कार्पेट ओढलेलं असू शकतं. तुझ्या तिसऱ्या फोटोत शेगडीखालच्या कपाटातही तेच कार्पेट दिसतं. ते मला मुळीच आवडलेलं नाही.

आता तुझ्या गावाची गोष्ट. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाच्या लक्षात आलं की रंगाच्या डब्यावर जवसाच्या तेलाची जी साय धरते ती चिवट आणि लवचीक असते. हवेने घट्ट झालेलं तेल, राळ आणि बुचाचा भुसा एकत्र मळून त्याने ते कापडावर लाटलं. 1863 साली पेटंट घेतलं, पुढच्या वर्षी लंडनजवळ स्टेन्सला कंपनी काढली. हेच जमिनीवर अंथरायचं लिनोलियम. पेटंटची मुदत संपल्यावर कर्कॉडीच्या नेर्न घराण्याच्या कारखान्याने ते बनवायला घेतलं, आणि एडिंबरोला जाताना तुमची आगगाडी ज्या कर्कॉडीवरून जाते तिथे ते आजही बनतं. पाठीला लागायचं तागाचं कापड. बंगालचा ताग तुझ्या डंडीच्या गिरण्यांत विणला जाई.

आणि जवस? 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, तसं आपल्याकडचं जवस मुंबईच्या बंदरातून विलायतेला जाऊ लागलं. तुझी आजी ज्याची चटणी करायची तेच हे जवस. ते घेणाऱ्यांत रंगाचे कारखाने होते तसे जमिनी झाकणारेही होते. शेतकऱ्याला आपला माल कोणाच्या पायाखाली जातो याचा पत्ता नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

जुन्या ब्रिटिश कॅराव्हॅनमध्ये सर्रास लिनोलियमच असे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचं कार्पेट स्वस्त झालं, गाडीत दिवाणखान्याची ऊब हवी असं लोकांना वाटू लागलं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आलं. तुझं तपकिरी कार्पेट त्याच हौसेचं.

एवढं सांगूनही, जवसाच्या अभिमानापोटी तू गाडीत लिनोलियम घालू नकोस. ते थंडीत ताठरतं, वाकवलं की तडकतं, आणि तागाच्या पाठीला खालून ओल लागली तर कुजतं. घरात घाल, पिढीभर टिकेल. लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेटच्या फळ्याही नकोत. त्यांच्या पोटात दाबलेला भुसा असतो, सांध्यातून पाणी गेलं की फुगतात. गाडीचा सांगाडा रस्त्यावर सतत पिळवटतो, त्यात प्रत्येक सांधा म्हणजे पुढची कटकट. वजनही बघावं लागेल. तुझ्या लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि पाणी, सामान, माणसं धरून जुन्या मोटारहोम त्या आकड्याच्या जवळच असतात.

विनाइल पातळ आणि हलकं घे, खालच्या बाजूला खरखरीत पकड असलेलं. जमीनभर गोंद लावू नकोस. कडेला पट्ट्या मारून दाब, म्हणजे पुढे उचलून खाली बघता येईल. वरचे गालिचे जागेच्या आकाराचे कापून कडा शिवून घे आणि टिचबटणांनी बसव. समुद्रावरून आलात की काढून झटकायचे, ओले झाले तर बाहेर वाळवायचे. ड्रायव्हरच्या केबिनमधलं कार्पेट मात्र राहू दे. तिथे खाली नुसता पत्रा असतो. कार्पेट गेलं तर इंजिनाचा आवाज आणि गारठा दोन्ही आत येतील.

कार्पेट काढल्यावर लगेच शीट अंथरायची घाई करू नकोस. जमीन उघडी ठेवून पूर्ण वाळू दे, प्रत्येक कोपऱ्यात टाच दाबून बघ. गॅसची सगळी भोकं शोधून त्यांचा नकाशा कागदावर काढ, आणि शीट कापण्याआधी तो मला पाठव.

तुझा,
मामा